जीवनसत्त्वे आणि उतारवयातील पक्षाघात

उतारवयात पक्षाघाताचे भय वाढते आणि त्याबरोबर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवरील भिस्तही वाढते. ही भिस्त कितपत साधार आहे, हे जीवनसत्त्व कोणते व ते कोणास दिले, यावर अवलंबून आहे.

या विचाराचे मूळ १९६९ सालच्या एका निरीक्षणात आहे. जन्मजात दोषामुळे ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य फार वाढले होते, अशा मुलांच्या रोहिण्या अकाली जाड व कठीण झाल्याचे किल्मर मॅक्कली यांनी दाखविले. फॉलिक आम्ल, ब-६ आणि ब-१२ यांच्या साहाय्याने शरीर या द्रव्याचा निचरा करते. तेव्हा ही जीवनसत्त्वे दिल्यास पक्षाघात टळावा, असा तर्क साहजिकच पुढे आला.

प्रयोगांनी या तर्कास सर्वत्र सारखी साथ दिली नाही. पक्षाघात किंवा त्याची क्षणिक लक्षणे नुकतीच होऊन गेलेल्या ८,१६४ रुग्णांच्या ‘व्हिटाटॉप्स’ प्रयोगात (२०१०) निःसंशय लाभ आढळला नाही. याउलट चीनमध्ये, पूर्वी पक्षाघात न झालेल्या २०,७०२ रक्तदाबपीडितांपैकी निम्म्यांना एनालाप्रिलसोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक आम्लही देण्यात आले (२०१५). सुमारे साडेचार वर्षांत केवळ एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्क्यांना, तर दोन्ही घेणाऱ्यांपैकी २.७ टक्क्यांना पक्षाघात झाला. चीनमध्ये पिठात फॉलिक आम्ल मिसळण्याची सक्ती नव्हती. अमेरिकेत ती १९९८ पासून आहे. शिवाय ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व मुळातच कमी होते, त्यांना लाभ अधिक झाला. उणीव भरून काढणे आणि पुरेशात भर घालणे या दोन भिन्न गोष्टी होत.

अशी भर नेहमीच निरुपद्रवी असते, असेही नाही. अमेरिकेतील ५० वर्षे व त्यावरील १४,६४१ पुरुष डॉक्टरांच्या प्रयोगात (२००८) ई जीवनसत्त्वाने एकूण पक्षाघात घटले नाहीत. मात्र मेंदूत रक्तस्राव होऊन आलेले पक्षाघात ते घेणाऱ्यांत ३९, तर न घेणाऱ्यांत २३ होते.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. जठरातील आम्ल घटल्याने अनेकांना अन्नातील ब-१२ नीट शोषून घेता येत नाही. अशा वेळी केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो; परंतु मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत वाढत राहते. म्हणून आधी रक्तपरीक्षा करून उणीव निश्चित करावी आणि मग तेवढीच भरून काढावी. रक्तदाबाच्या नियमित उपचाराची जागा मात्र कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. चीनमधील लाभही त्या उपचाराच्या जोडीनेच मिळालेला आहे.