दहा खुर्च्यांचं गणित

गिंझा म्हणजे टोकियोतली महागड्या दुकानांची पेठ. तिथल्या मेट्रो स्टेशनाला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळघरात ‘सुकियाबाशी जिरो’ हे सुशीचं दुकान आहे. नाव जवळच्या एका पुलाचं. पूल आता उरलेला नाही. आत लाकडी काउंटर आणि त्यापुढे दहा खुर्च्या. स्वच्छतागृहसुद्धा दुकानाबाहेर. जिरो ओनो यांनी हे दुकान १९६५ साली थाटलं. २००७च्या अखेरीस, उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनची टोकियोवरची पहिली मार्गदर्शिका निघाली, तेव्हा त्याला तीन तारे मिळाले. त्याहून मोठा मान मिशेलिनकडे नाही.

इथे ‘काय घेणार?’ असं कुणी विचारत नाही. इथली रीत ‘ओमाकासे’, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. आपल्या खानावळीतही जे शिजलं तेच ताटात येतं. पण आधी आमटी की आधी भाजी, एवढं तरी आपण ठरवतो. इथे तेही हाती राहत नाही. वीसेक सुशी, एकेक करून, साधारण अर्ध्या तासात. २०११च्या ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ या माहितीपटात दर तीस हजार येनांपासून सुरू होतो. म्हणजे मिनिटाला हजार येन! एवढे पैसे मोजून बसलेल्या माणसाला ही घाई अपमानासारखी वाटली, तर नवल नाही.

पण घाई भाताची आहे. सुशी म्हटलं की आपल्याला कच्चा मासा आठवतो, कारागिराचा जीव मात्र भातात अडकलेला असतो. व्हिनेगर लावलेला हा भात अंगाएवढा कोमट हवा. मुठीत दाबताना दाणे एकमेकांना धरून राहावेत आणि तोंडात गेल्यावर सुटावेत. वर माशाचा काप, त्यावर सोया सॉसचा ब्रशने फिरवलेला हात. झालं. आता ती सुशी लगेच खायची. गप्पांत रमलात, फोटो काढत बसलात, तर भात निवतो. एक माणूस दोन हातांनी किती जणांना त्या नेमक्या क्षणी वाढू शकेल? दहा खुर्च्यांत मला तोरा दिसत नाही, हाताचा हिशेब दिसतो.

शिवाय हे खाणं जन्मानेच घाईचं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा, हाताने वळलेली सुशी गाड्यांवर मिळे आणि लोक ती उभ्याउभ्या तोंडात टाकत. आपल्या वडापावचीच जात. बर्फ नव्हता, म्हणून मासा मिठात, व्हिनेगरमध्ये मुरवायचा किंवा सोया सॉसमध्ये भिजवायचा. ती तोड आज कला म्हणून जपली जाते. बांगड्याच्या जातीतला ‘साबा’ अजूनही मीठ आणि व्हिनेगर लावूनच येतो.

बाकी मेहनत पाहुणा येण्याआधीच होऊन गेलेली असते. ऑक्टोपस मऊ पडावा म्हणून उमेदवार तो पाऊणएक तास हाताने चोळतात. उमेदवारी दहा वर्षांची. माहितीपटातला एक उमेदवार अंड्याची गोडसर वडी दोनशेहून अधिक वेळा करतो, आणि ती नापास होत राहते. जिरोंनी शेवटी होकार दिला तेव्हा त्याला रडू कोसळलं. काउंटरपलीकडून पाहुण्यावरही नजर असते: कोण डावखुरा आहे ते हेरून सुशी त्या बाजूला ठेवायची, बायकांसाठी घास किंचित लहान करायचा, म्हणजे सगळे एकाच लयीत खातील. (ही काळजी प्रत्येकीला आवडेल, असं नाही.)

एप्रिल २०१४मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे बराक ओबामांना इथेच जेवायला घेऊन आले. पुढे जागा मिळणं इतकं अवघड झालं की २०१९मध्ये मिशेलिनने हे दुकान मार्गदर्शिकेतून वगळलं. सुशी बिघडली नव्हती; सामान्य गिऱ्हाइकाला तिथे जाताच येत नाही, एवढंच कारण.

जिरोंनी ऑक्टोबर २०२५मध्ये शंभरी गाठली. थोरला मुलगा योशिकाझू आयुष्यभर त्यांच्या शेजारी, त्यांच्याच नावाच्या पाटीखाली उभा राहिला. तो वडिलांची बरोबरी करू शकेल का, ही शंका लोक वर्षानुवर्षं बोलून दाखवत. माहितीपटाच्या शेवटाकडे एक खाद्यसमीक्षक सहज सांगून जातो, की मिशेलिनचे परीक्षक आले तेव्हा त्यांना सुशी वळून देणारे हात योशिकाझूचे होते.