रमाबाईंचं बायबल

औरंगपुऱ्यात पुस्तकं चाळायला गेलो की पंडिता रमाबाईंचं नाव शोधतो. शाळेत आपण त्यांना समाजसुधारक म्हणून शिकतो, पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मागेच राहतं. संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत आणलं, आणि तेही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून! संस्कृतवर प्रभुत्व असल्यामुळे 1878 मध्ये कोलकात्यात त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली होती. तरी भाषांतरात त्यांनी जड संस्कृत शब्द टाळले. कारण त्यांचा वाचक ठरलेला होता: त्यांनीच केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये राहणाऱ्या, दुष्काळातून वाचलेल्या, नुकत्याच अक्षरं जुळवू लागलेल्या बायका. प्रसंगी विद्वत्ता बाजूला ठेवणं मला विद्वत्तेहून अवघड वाटतं.

हे काम दीड दशकाहून जास्त चाललं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून झाली. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी त्या लिहीत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल आलं 1924 मध्ये.

केडगाव दौंडजवळ आहे. एकदा तरी जाऊन या.