उंदराचा सातबारा

‘उंदरांवरील प्रयोगात औषध गुणकारी’ अशी बातमी अधूनमधून येते. उंदीर कोणता, हे मात्र तिच्यात क्वचितच असतं. शोधनिबंधात ते असतं, अगदी सातबाऱ्याइतकं नेमकं!

करोनाकाळात जगभर वापरलेल्या एका उंदराचं नाव पाहा: बी६.सीजी-टीजी(के१८-एसीई२)२पीआरएलएमएन/जे. बी६ हा मूळ वाण. सीजी म्हणजे त्यात आणखी वाणांचाही वारसा आहे. टीजी म्हणजे बाहेरून घातलेलं जनुक. कंसात आधी त्या जनुकाला चालू करणारा के१८ हा तुकडा, मग एसीई२ हे माणसाचं जनुक. विषाणू पेशीत शिरतो तो या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला धरून. उंदराचं स्वतःचं एसीई२ मूळ करोना विषाणूला नीट धरता येत नव्हतं. पुढचा २ फार मोलाचा. घातलेलं जनुक गुणसूत्रावर कुठे आणि किती प्रतींत बसेल, यावर आपला ताबा नसतो. म्हणून एकाच जनुकाचे दोन वंश वेगळे वागू शकतात, आणि प्रत्येकाला क्रमांक लागतो. नंतरची अक्षरं आयोवा विद्यापीठातल्या स्टॅन्ली पर्लमन यांच्या प्रयोगशाळेची, तर ‘जे’ अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेचा. हा उंदीर २००७ मधला, आधीच्या सार्ससाठी घडवलेला. २०२० मध्ये गोठवलेल्या शुक्राणूंपासून त्याचा वंश पुन्हा वाढवला गेला.

ठरावीक जागीच बदल केला असेल तर नावात टीजीऐवजी टीएम येतं, क्रिस्परसारख्या कात्रीने केला असेल तर ईएम. बातम्यांत हे सगळे सरसकट ‘जनुकबदल केलेले उंदीर’ होतात आणि तिथेच फसगत होते. के१८ उंदरांत विषाणू मेंदूतही जोरात पसरतो आणि ते त्यातून दगावतात. माणसांत मुख्य घाव फुप्फुसांवर. म्हणून या उंदराला वाचवणारं औषध आपल्यालाही वाचवेलच, असं नाही.

आता बी६ कडे येऊ. पूर्ण नाव सी५७बीएल/६. जनुकशास्त्रज्ञ सी. सी. लिटल यांनी १९२१ मध्ये ५७ क्रमांकाच्या मादीपासून हा वाण सुरू केला. ती मादी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावच्या ॲबी लॅथ्रोप यांच्या उंदरांच्या वंशातली. या माजी शिक्षिका उंदीर पाळून विकत. त्यांना काही उंदरांच्या त्वचेवर गाठी दिसल्या. लिओ लोएब या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी शोधनिबंध लिहिले आणि अंडाशय काढल्यास माद्यांत स्तनांच्या गाठी कमी होतात, हे दाखवलं. लॅथ्रोपबाई १९१८ मध्ये वारल्या. प्रयोगशाळांना नावात अक्षरं मिळाली, या बाईंना एकही नाही. जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ही उणीव आता तरी भरून काढावी.