वसाहतवाद, कथासाहित्य आणि माळवा

युरोपीय सत्तांनी आशिया व आफ्रिका खंडांत जी साम्राज्ये उभारली, त्यांचा हिशेब इतिहासकारांनी तह, लढाया आणि महसूल यांच्या आधारे मांडला. त्या सत्तेने राज्यकर्त्यांच्या आणि रयतेच्या सदसद्विवेकाचे काय केले, हा प्रश्न मात्र प्रामुख्याने कादंबरीने विचारला. जावा बेटावरील डच कारभाराविषयीची मुलतातुली यांची ‘मॅक्स हाव्हेलार’ (१८६०), जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (१८९९) आणि चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही या वर्गातील जगन्मान्य उदाहरणे होत. त्यांच्या शेजारी मानाने ठेवावी अशी सामग्री उज्जैन व देवास या माळव्यातील दोन गावांशी निगडित आहे, आणि तिच्यात मराठी माणूस जागोजागी भेटतो. मराठी वाचकाला तिचा एकत्रित परिचय व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पार्श्वभूमी. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले मुख्य ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभारले. पुढे दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवीपर्यंत शिंदेशाहीचे केंद्र येथेच होते. जुलै १८०१मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्या पलटणींचे अधिकारी युरोपीय होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या भाऊबंदकीची पुढची पायरी म्हणजे ऑक्टोबर १८०२मधील हडपसरची लढाई. तिच्यात पराभव झाल्यावर पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनच्या क्षिप्रेच्याच काठी महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला आणि पंधरवड्याभरात मंदसोरच्या तहाने माळव्याचे स्वातंत्र्य संपले.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने या घटनांकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी लक्षणीय आहे. ना. सं. इनामदार यांनी ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरे बाजीराव यांना नायकपद दिले. इंग्रजी बखरकारांनी काळ्या रंगात रंगविलेली ही माणसे त्यांनी पुन्हा न्यायासनासमोर उभी केली. परक्याच्या अन्यायाइतकाच आपल्या घरातील दुहीचा दोष येथे तोलला जातो. वसाहतवादाचा नैतिक प्रश्न अशा रीतीने अंतर्मुख होणे हे मराठी कादंबरीचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

राज्यकर्त्याच्या बाजूने लिहिलेल्या कथासाहित्याचा नमुना म्हणजे फिलिप मेडोज टेलर. निजामाच्या चाकरीतील हा अधिकारी काही वर्षे नळदुर्गास होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या त्यांच्या कादंबरीत अमीर अली हा ठग आपल्या खुनांची हकिकत एका साहेबाला सांगतो. ऐकणारा साहेब निष्कलंक आणि सांगणारा देशी माणूस गुन्हेगार, या रचनेतच राज्याचे समर्थन दडलेले आहे. टेलर यांना या भूमीविषयी खरी माया होती, हे मान्य करूनही तसे म्हणावे लागते. हरिभाऊ आपट्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही कादंबरी टेलर यांच्याच ‘टिपू सुलतान’वर आधारलेली होती, म्हणजे आपल्या थोर कादंबरीकाराचा ऐतिहासिक लेखनाचा आरंभही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आधाराने झाला.

माळव्याच्या अफूचा विषय तर स्वतंत्र ग्रंथाचा आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा द्यायच्या, पाझरलेला चीक खरवडून अळशीच्या तेलात ठेवायचा आणि पुढे त्याच्या वड्या करायच्या, अशी येथली रीत होती. उज्जैन ही या मालाची मोठी बाजारपेठ. ईस्ट इंडिया कंपनीने आधी मक्तेदारीचा प्रयत्न केला. तो फसल्यावर मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवाना-शुल्क बसवले. हा माल चीनला जाई. अमिताव घोष यांच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) या कादंबरीतील बहराम मोदी हा मुंबईचा पारशी व्यापारी अफूने भरलेले जहाज घेऊन कँटनला पोहोचतो. १८३९मध्ये चिनी आयुक्त लिन यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त केल्या, त्या प्रसंगाभोवती ही कादंबरी फिरते. बहराम दुष्ट नाही. उदार, कुटुंबवत्सल, मित्रांचा लाडका आहे, आणि तरीही विष विकतो. जो स्वतः परक्यांच्या सत्तेखाली आहे तोच तिसऱ्या देशाच्या विनाशात भागीदार कसा होतो, हे घोष यांनी दाखविले आहे.

या परिसराला जागतिक साहित्यात स्थान मिळाले ते ई. एम. फॉर्स्टर यांच्यामुळे. १९१२-१३च्या पहिल्या भारतभेटीत ते देवासला आले होते. उज्जैनवर त्यांनी एक सुंदर निबंधही लिहिला. १९२१मध्ये ते देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. पहिल्या भेटीनंतर हाती घेतलेली आणि मधेच अडून पडलेली कादंबरी या मुक्कामानंतर पूर्ण झाली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४मध्ये प्रकाशित झाली. देवासच्या आठवणी त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात दिल्या आहेत.

कादंबरीचे कथानक परिचित आहे. डॉ. अझीझ यांच्यावर अ‍ॅडेला क्वेस्टेड ही इंग्रज तरुणी विनयभंगाचा आरोप करते, भर न्यायालयात तो मागे घेते, आणि निर्दोष सुटलेला माणूस तरीही मनाने कायमचा जखमी होतो. कायद्याने न्याय मिळाला तरी सत्तेने नासवलेला स्नेह सांधता येत नाही, हे या कादंबरीचे मर्म आहे. मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे ते तिसऱ्या भागाकडे. माऊ या काल्पनिक संस्थानातील गोकुळाष्टमीचा हा भाग देवासच्या उत्सवावरून रचलेला आहे. तेथे दख्खनी ब्राह्मण प्राध्यापक गोडबोले टाळ घेऊन कीर्तनात उभे आहेत आणि तुकारामांच्या नावाचा गजर चालू आहे. तल्लीन अवस्थेत गोडबोल्यांना मिसेस मूर ही वृद्ध इंग्रज स्त्री आठवते, मग कुठेतरी दगडावर पाहिलेली एक गांधीलमाशी आठवते. दोघींना ते प्रेमाने मनात सामावून घेतात. दगडालाही घेऊ पाहतात, पण ते साधत नाही. मिसेस मूरनेही कादंबरीच्या आरंभी खुंटीवर बसलेल्या गांधीलमाशीला मायेने गोंजारणारे शब्द उच्चारले होते, याची गोडबोल्यांना कल्पनाही नाही. शासक आणि शासित यांच्यात जी सहानुभूती न्यायालयात वा क्लबात शक्य झाली नाही, ती एका मराठी भजनात क्षणभर शक्य होते. इंग्रजी कादंबरीत वारकरी परंपरेला याहून मोठा मान मिळालेला माझ्या पाहण्यात नाही.

फॉर्स्टर यांची एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या माऊत राजा आहे, मंत्री आहे, उत्सवातली गर्दी आहे. सारा भरणारा कुणबी त्या गर्दीपलीकडे दिसत नाही. संस्थानी प्रजेवर राजा आणि त्याच्यामागे उभा असलेला इंग्रज रेसिडेंट अशी दुहेरी सत्ता होती. ती आतून कशी जाणवते, हे मराठीत शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी लिहिले. १९२१मध्ये इंदूरला जन्मलेल्या या लेखकाचे वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते. ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या त्यांच्या कादंबरीत्रयीत स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील बिशू या मध्यमवर्गीय तरुणाची वैचारिक जडणघडण आहे. परकी सत्ता घालवणे आणि स्वतःच्या वर्गाचा भित्रेपणा घालवणे ही दोन कामे येथे एकच होऊन बसतात. त्यांचे ज्येष्ठ बंधू गजानन माधव मुक्तिबोध उज्जैनला शिकले आणि हिंदीत लिहिते झाले. हिरोशिमाच्या बॉम्बहल्ल्यातील वैमानिकाच्या अपराधभावनेवर त्यांनी ‘क्लॉड ईथरली’ ही कथा लिहिली आणि त्या वैमानिकाला भारतातील एका वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला दाखविले. साम्राज्य गेल्यावरही त्याचे पाप आपल्या गावात वस्तीला राहते, असे ती कथा सुचविते.

‘अ पॅसेज टू इंडिया’ विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात अनेक वर्षे आहे. ‘क्षिप्रा’चे नाव मात्र आज थोड्याच वाचकांना ठाऊक असते. उज्जैन, देवास आणि इंदूर येथील मराठी वाचनालयांनी या दोन्ही कादंबऱ्या एकाच वर्षी वाचनासाठी घ्याव्यात, आणि प्रथम ‘क्षिप्रा’ घ्यावी, अशी विनंती आहे.