पैठणी उलटी करून बघा
लग्नसराईच्या तोंडावर मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या हॉलमध्ये साड्यांची प्रदर्शनं लागतात, तिथे पैठणीपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘हातमागाची आहे ना?’ उत्तर पदराच्या उलट्या बाजूला असतं. हातमागावर नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने, जागच्या जागी गुंतवत विणतात. म्हणून मोर नि मुनिया दोन्ही बाजूंनी जवळपास सारख्याच स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या पदरामागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. येवल्याच्या विणकराचे भरगच्च पदरावर कित्येक आठवडे जातात. किमतीतला मोठा वाटा त्या वेळेचा.

लेबलंही वाचावीत. सिल्क मार्क फक्त रेशीम अस्सल असल्याचं सांगतो. हातविणीसाठी २००६पासूनचा हँडलूम मार्क बघायचा. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. यंत्रमागावरची सेमी पैठणी नेसण्यात कमीपणा काहीच नाही (लोकलच्या गर्दीत तर तीच बरी), फक्त ती हातमागाच्या भावात घेऊ नये.

आजीची जुनी पैठणी मोडीत देण्याआधी थांबा: तिथे जरीतल्या चांदीचेच पैसे मिळतात. ठेवायची तर सुती कापडात गुंडाळावी आणि अधूनमधून घडी बदलावी. एकाच घडीवर जर तुटते.