फुटलेल्या मेणाचा दिवस

नॉर्मंडीतल्या बेक मठातला, १०७७-७८ च्या सुमाराचा हा एक दिवस. प्रसंग एदमेर या शिष्यानं लिहिलेल्या अॅन्सेल्मच्या चरित्रातले आहेत. संत बेनेडिक्टच्या नियमावलीतल्या हिवाळी दिनक्रमात ते मी बसवले आहेत.

रात्री २
घंटा होते. मठवासी कपड्यांनिशीच झोपलेले असतात, उठले की थेट उपासनेला. आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून झालीच पाहिजेत. देव नाही, असं मनाशी म्हणणारा मूर्खही त्या स्तोत्रांतून दर आठवड्याला भेटतो.

अॅन्सेल्म मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी. आधीच्या ग्रंथात त्यानं देवाच्या अस्तित्वासाठी युक्तिवादांची साखळी मांडली होती. आता त्याला असा एकच युक्तिवाद हवा होता, ज्याला दुसऱ्या कशाचाही टेकू लागू नये. त्यापायी तहानभूक हरपली, उपासनेत लक्ष लागेना. हा सैतानाचा मोह असावा म्हणून त्यानं तो विचार झटकूनही पाहिला. अखेर एके रात्री, अशाच उपासनेत, त्याला वाट दिसली.

सकाळी ७
एक बंधू घाबराघुबरा होऊन येतो. बिछान्यात आत जपून ठेवलेल्या मेणाच्या पाट्या जमिनीवर विखुरल्या आहेत. लाकडी पाटीवर मेणाचा थर, त्यावर टोकदार लेखणीनं कोरलेला मजकूर. ते मेण जागोजागी फुटलंय. सुचलेल्या युक्तिवादाचा पहिला खर्डा अॅन्सेल्मनं याच बंधूकडे जपायला दिला होता, तो हरवला. हा दुसरा. मठात खासगी मालकी नाही. पाटी आणि लेखणीसुद्धा कुणाची स्वतःची नसते, असं नियमावली नाव घेऊन सांगते.

सकाळी ९
अॅन्सेल्म तुकडे गोळा करतो, मेणाला मेण जुळवतो. अक्षरं जेमतेम लागतात. त्यांतून उभा राहणारा विचार असा: ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही, तो देव. हे शब्द मूर्खालाही कळतात, म्हणजे ती कल्पना त्याच्या मनात आहेच. पण ती नुसती मनातच असेल, तर प्रत्यक्षातही असणारं काहीतरी तिच्याहून मोठं ठरेल. मग ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही, त्याहूनही मोठं काही निघालं! ही विसंगती टाळायची, तर देव मनाबाहेरही असलाच पाहिजे. इथे डोंगर, तारे, सृष्टीची रचना, कशाचीच साक्ष काढलेली नाही. आणि हे सगळं लिहिलंय ते देवाशीच बोलत, प्रार्थनेच्या सुरात.

दुपारी १२
मठाधिपती हर्लुइन वृद्ध झालाय, त्यामुळे कारभार अॅन्सेल्मच्या अंगावर. सल्ला मागणारे येतात. मठातली मुलं मारूनही सुधारत नाहीत, अशी एका मठाधिपतीनं त्याच्याकडे तक्रार केली होती. रोप चहूबाजूंनी कोंडलं तर फांद्या वेड्यावाकड्याच होणार, असं अॅन्सेल्मनं त्याला समजावलं.

दुपारी ३
दिवसातलं एकमेव जेवण. एकजण वाचतो, बाकीचे मुकाट्यानं जेवतात.

संध्याकाळी ५
आता मेणावर विसंबायचं नाही. मजकूर चर्मपत्रावर उतरवण्याची आज्ञा होते. श्रद्धा समजुतीच्या शोधात, हे या ग्रंथाचं आधीचं नाव. पुढे तो ‘प्रोस्लोगियॉन’ म्हणून ओळखला गेला.

रात्री
शेवटच्या प्रार्थनेनंतर मौन. अॅन्सेल्म मात्र जागाच. नकलांमध्ये चुका शिरलेले ग्रंथ तो रात्री बसून दुरुस्त करतो.

ग्रंथ बाहेर पडल्यावर मार्मूतिए मठातल्या गौनिलोनं त्या मूर्खाची बाजू घेतली. सर्वांत उत्तम अशा हरवलेल्या बेटाची कल्पना केली, म्हणून ते बेट समुद्रात असलंच पाहिजे का, असा त्याचा सवाल. अॅन्सेल्मनं उत्तर दिलं, आभार मानले, आणि यापुढे आपल्या ग्रंथाच्या नकलेला हा आक्षेप व त्यावरचं उत्तर जोडावं, असं सांगितलं. पुढे थॉमस अॅक्वायनसनं हा युक्तिवाद नाकारला, देकार्तनं नव्यानं मांडला, कांटनं पुन्हा खोडला.

तो पटो वा न पटो, अॅन्सेल्मची रीत मला फार मोलाची वाटते. ज्या देवाची तो दिवसरात्र प्रार्थना करत होता, त्याच्याबद्दलच त्यानं बुद्धीला प्रश्न करू दिला आणि विरोधकाचं म्हणणं आपल्याच ग्रंथात सांभाळलं. श्रद्धा पक्की असली की शंकेला घरात जागा देता येते, हे त्यानं करून दाखवलं.