चकाकी गाडीची, कसोटी फडक्याची

खंडेनवमीच्या सकाळी अमरावतीतील कोणत्याही वसाहतीत फेरफटका मारला, तर फाटकाफाटकापुढे एकच दृश्य दिसते. 'एमएच २७'ची एखादी मोटार, तिच्याभोवती बादली, पाण्याचा पाइप, मेणपॉलिशचा चपटा डबा आणि हाती फडके घेतलेले घरातले लहानथोर. अकोल्यात क्रमांक 'एमएच ३०'चा असतो, एवढाच फरक. दुपारपर्यंत गाडी आरशासारखी लखलखते, तिला झेंडूचा हार चढतो आणि ज्या फडक्यांनी ही किमया केली ती चुरगाळून डिकीच्या कोपऱ्यात जातात. तिथून ती थेट दिवाळीला, नाहीतर पुढच्या दसऱ्यालाच बाहेर निघतात. तोवर त्यांतले मेण वाळून कडक झालेले असते आणि त्या मेणात वर्षभराची धूळ घट्ट रुतून बसलेली असते.

अशाच एका फडक्याने प्रस्तुत लेखकाच्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटवले. सावलीत ते दिसत नव्हते. गाडी उन्हात काढली आणि सारे जाळे स्पष्ट झाले. मेण उत्तम होते, हातही हलका होता. दोष होता तो केवळ न धुतलेल्या फडक्याचा.

असे का होते, हे समजण्यासाठी रंगाच्या थरांकडे पाहावे लागते. आजच्या मोटारींवर रंगाच्या वर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. गाडीची सारी चमक या लेपात असते. वऱ्हाडची काळी माती मूळची चिकणमाती. तिचा सुटा कण तसा मऊ. मात्र रस्त्यावरून उडणारी धूळ निव्वळ काळ्या मातीची नसते. तिच्यात गिट्टीचा, म्हणजे बेसाल्टचा भुगा असतो, वाळूतील गारेचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा अंकी मोजपट्टीत गारेचा क्रमांक ७ वा लागतो. तिच्यापुढे गाडीवरचा लेप म्हणजे लोणीच. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम नोंदवला गेला. त्या रस्त्याने गाडी आज अलगद धावते. पण भर उन्हाळ्यात दोन्ही शहरांमधले हे अंतर कापून आलेल्या गाडीवर बोट फिरवले, तर धूळ काही कुठे गेलेली नाही, हे लगेच कळते.

आता फडक्याविषयी. कापसाच्या या मुलखात गाडी पुसण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात आहे ते जुने धोतर किंवा साडीचा तुकडा, आणि गॅरेजमध्ये किलोने मिळणारे बनियन क्लॉथ. मऊ, धुतलेले सुती कापड मेण लावायला आजही वाईट नाही. मात्र मेण पुसून काढण्यासाठी गेल्या काही वर्षांत मायक्रोफायबरने बाजार काबीज केला आहे. पांढऱ्या सोन्याच्या प्रदेशात पॉलिस्टर आणि नायलॉनच्या कापडाने ही जागा घ्यावी, हा दैवदुर्विलासच. परंतु त्यामागे कारण आहे. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनियरहून बारीक असतो, म्हणजे त्याची नऊ हजार मीटर लांबी वजनाला एक ग्रॅमदेखील भरत नाही. रेशमाचा तंतूही याहून जाड. त्यातच चांगल्या कापडातला प्रत्येक तंतू उभा चिरलेला असतो आणि त्या फटींमध्ये धूळ, पाणी व तेलकटपणा अडकतो. सुती कापड धूळ पुढे ढकलते, मायक्रोफायबर ती उचलून आपल्या पोटात घेते. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. जे पोटात घेतले ते धुऊन काढले नाही, तर फटी भरतात आणि महागाचे कापड साध्या पोतेऱ्याच्या योग्यतेवर येते.

मेण पाण्याने निघत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. 'मग कढत पाण्यात टाका' असा सल्ला त्यावर घरोघरी मिळतो. तो चुकीचा आहे. गाडीच्या मेणातला मानाचा घटक म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नाउबा मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाशीचे मेण ६२-६४ अंशांनाच पातळ होते, कार्नाउबा मात्र गिझरच्या पाण्याला दाद देत नाही. पाणी उकळून कार्नाउबा वितळेल खरे, पण तेवढ्या उष्णतेने मायक्रोफायबरचे तंतू आखडतात आणि कापड खरखरीत होते. तेव्हा भिस्त ठेवायची ती उष्णतेवर नव्हे, तर डिटर्जंटवर. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक तेलामेणाला चिकटते, दुसरे पाण्याला; मेणाचे बारीक कण असे वेढले जाऊन पाण्यासोबत वाहून जातात. त्यासाठी कोमट, म्हणजे हाताला सोसवेल एवढे ४० अंशांचे पाणी पुरे.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. काम संपल्यावर तासाभरात फडकी पाण्यात पडली, तर निम्मे काम झाले असे समजावे. आधी ती अंगणापासून दूर झटकावीत. मेणाचे डाग असतील तिथे भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब बोटांनी हलके चोळावेत. मग कोमट पाण्यात थोडे द्रव डिटर्जंट घालून अर्धा तास भिजत ठेवावे आणि हाताने खळबळून किंवा यंत्राच्या नाजूक कपड्यांच्या फेऱ्यात धुवावे. धुण्याची पूड शक्यतो टाळावी. तिचे न विरघळलेले कण कापडात राहतात. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव तर मुळीच नको. त्याचा मेणचट थर तंतूंवर बसतो आणि ज्या फटींसाठी पैसे मोजले त्याच बुजतात. ब्लीचने नायलॉन कमकुवत होते. ही फडकी टॉवेल किंवा सुती कपड्यांसोबत धुवायची नाहीत, हेही महत्त्वाचे. सुताची लव मायक्रोफायबरला अशी चिकटते की पुढे काळ्या गाडीवर पांढरे तंतू वेचत बसावे लागते.

आता पाण्याचा प्रश्न. वऱ्हाडात तो बिकट आहे. अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळते. मात्र नळ रोज येईल याची खात्री नसल्याने धुण्याभांड्याला बोअरचे पाणी वापरण्याचा प्रघात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या बाजूंची विहिरी-बोअरची चव ज्याने घेतली, त्याला क्षार म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. अशा पाण्यात खळबळलेले फडके वाळल्यावर पापडासारखे ताठ होते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार तंतूंमध्ये उरतात. जड पाण्यात वडीचा साबण वापरला तर त्याचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तोही कापडातच बसतो.

यावर उपाय असा, की पहिली दोन धुणी बोअरच्या पाण्यात उरकावीत, पण अखेरचा हात नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा असावा. पावसाळ्यात वातानुकूलन यंत्राच्या नळीतून टपकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. एक बादली साठवली तर चार-सहा फडक्यांचे काम होते. याउलट घरच्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी आणि कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी या कामाला अजिबात उपयोगाचे नाही, दोन्हींत क्षार अधिक दाट झालेले असतात. फडके आधीच ताठ झाले असेल, तर बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून त्यात पंधरा मिनिटे बुडवावे आणि नंतर साध्या पाण्यातून काढावे. बहुतेक वेळा ते पुन्हा मऊ होते. मेणाचे गढूळ पाणी तुळशीला किंवा झाडांना घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात पेट्रोलियमचे अंश आणि कापडाचे प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू असतात.

वाळवणे सावलीत. नवतपातले ऊन पॉलिस्टरला वितळवत नाही, पण उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू ठिसूळ होते. शिवाय गच्चीवरच्या दोरीवर दुपारच्या वाऱ्याने एवढी माती येते की धुतल्याचे सार्थक राहत नाही. घरात पंख्याखाली वाळवलेले फडके झाकणाच्या डब्यात ठेवावे.

फोमचे पॅड निराळ्या प्रकृतीचे. ते पिळायचे नाहीत. पिळल्याने पॉलियुरेथेन फाटते आणि पाठीचा चिकटपट्टीचा थर सुटतो. दोन तळव्यांमध्ये दाबून साबणपाणी आत-बाहेर खेळवावे, कडेला साचलेले मेण जुन्या मऊ टूथब्रशने काढावे, पाणी स्वच्छ येईतो हे करावे आणि फोमची बाजू खाली करून जाळीवर ठेवावे, म्हणजे पाणी पाठीच्या डिंकात न साचता खाली निथळते. वाळायला एक-दोन दिवस लागतात. घासण्याच्या पॉलिशचा पॅड आणि मेणाचा पॅड एकच ठेवू नये. पॉलिशमधले घर्षक कण कितीही धुतले तरी थोडे मागे राहतातच.

काही गॅरेजांत मात्र मेणाने भरलेली फडकी रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुचकळून 'स्वच्छ' केली जातात, आणि तोच प्रयोग घरी करणारेही आहेत. येथे प्रश्न ओरखड्यांचा राहत नाही, जिवाचा होतो. रॉकेलमधून पेट घेण्याजोगी वाफ साधारण ४० अंशांच्या आसपास निघू लागते. पेट्रोलला तर कडाक्याची थंडीही पुरते. अकोल्यात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या घरात जाते आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तापमान त्याहून कितीतरी वर असते. अनेक मेणपॉलिशमध्येही याच जातीची द्रावके असतात. ओले फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकणे म्हणजे वाफेला कोंडून ठेवणे. एक ठिणगी पुरेशी. असे फडके मोकळ्या हवेत पसरून द्रावक उडू द्यावे, मगच धुवावे. पेट्रोल लागलेले कापड धुलाई यंत्रात कदापि घालू नये.

याहून फसवे आहे जवसाचे तेल. विदर्भात ते सहज मिळते आणि लाकडी सामानाला, क्वचित बैलगाडीच्या जुवालाही, लावले जाते. हे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन घेते आणि उष्णता सोडते. पसरलेल्या कापडातून ती उष्णता निघून जाते. पण चोळामोळा करून ढिगात टाकलेल्या कापडात ती साठत जाते आणि ठिणगीवाचूनही ढीग पेटू शकतो. म्हणून जवसाचे तेल लागलेली चिंधी गाडीच्या फडक्यांत कधीही मिसळू नये. ती एकेरी पसरून पूर्ण वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

सगळीच फडकी वाचवता येतात असेही नाही. सिरॅमिक लेप पुसलेले फडके काही तासांत आतून कडक होते, तो लेप काचेसारखा बसतो व कोणत्याही साबणाला सुटत नाही. त्याचा मोह सोडावा. जमिनीवर पडलेले फडकेही त्या दिवशी पुन्हा रंगाला लावू नये, मग ते पडून क्षणच झाला असो. शंका असेल तर जुनी, टाकाऊ सीडी घ्यावी, तिच्या चकाकत्या बाजूवर धुतलेले कोरडे फडके दाबून दहा वेळा फिरवावे आणि उजेडात धरावे. रेघ दिसली, तर ते फडके गाडीच्या रंगाचे राहिले नाही.

त्याला घराबाहेर काढण्याचे मात्र कारण नाही. रंगावरून उतरलेले फडके दारांच्या आतल्या कडांना चालते, तिथून चाकांना, आणि सरतेशेवटी स्कूटरच्या चेनला. कोणते कशाचे हे विसरू नये म्हणून आमच्या एका शेजाऱ्यांनी कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके घातले आहेत: निळा रंगासाठी, हिरवा काचेसाठी, लाल चाकांसाठी. गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला ते एकदाच सांगावे लागले.